चुंबकाची तालीम

चुंबकाच्या कड्यातून पहिल्यांदा 'टक्' असा आवाज आला, त्या दिवशी वडणगेकर साहेबांनी नियंत्रण कक्षात पेढे वाटले होते. आज तसे आवाज स्पीकरमधून सारखे येत होते, आणि केतकी मगदूमच्या हातातला चहा केव्हाच निवून गेला होता.

टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग टक्, टक्. ओलं लाकूड उन्हात पडलं की आतून तडकतं, तसा आवाज.

"आज गडी लई जोशात आहे," वडणगेकर म्हणाले. ते प्रकल्पाचे प्रमुख. आयुष्यातली पंचवीस वर्षं त्यांनी शिरोलीच्या फौंड्रीत काढली होती आणि अजूनही भट्टीसमोर उभं असल्यासारखे मोठ्यानं बोलत. "ऐक की, कसा शड्डू ठोकतोय."

पॅनेलवर बसलेली हर्षदा पोवार हसली. केतकीला हसू आलं नाही. हे आवाज चहा हातात घेतला तेव्हाच सुरू झाले होते, आणि तेव्हा तर कड्यात वीज भरायला नुकती कुठं सुरुवात झाली होती.

गगनबावड्याच्या वाटेवर एका टेकडीच्या पोटात गोल बोगदा खोदून त्यात हे कडं बसवलेलं होतं. दिवसा माळामाळांवरच्या सौरपत्र्यांची जी वीज उरे, ती या कड्यात शिरे आणि आत फिरत राही. संध्याकाळी कोल्हापुरात दिवे लागले की ती परत बाहेर येई. कड्याची तार अतिसंवाहक होती. द्रवरूप हेलियमनं तिला उणे २६९ अंशांपर्यंत गार ठेवलं की तिच्यातला विद्युतरोध नाहीसा होई आणि एकदा सोडलेला प्रवाह न घटता फिरत राही. बॅटरीसारखं त्यात झिजणारं काही नव्हतं. कोल्हापूरचं कडं चाललं आणि राज्यभर तशीच कडी बसवायचं ठरलं. जतच्या माळावरचं दुसरं कडं गेल्या दिवाळीत सुरूही झालं होतं.

या सगळ्यात केतकीचं काम एका गोष्टीपुरतं होतं. वेटोळ्याच्या तारांमधल्या फटी कशानं भरायच्या, हे तिनं ठरवायचं. लोणच्यात खार मुरतो तशी ही भरण तारांमध्ये मुरवावी लागते, म्हणून कारखान्यात सगळे या प्रकाराला 'मुरवण' म्हणत. ऐकायला काम साधं वाटतं. पण कड्यात प्रवाह वाढला की प्रत्येक तार शेजारच्या तारेला प्रचंड जोरानं रेटते. केसाच्या जाडीइतकी जरी ती सरकली तरी घासते, आणि घासली की तापते. शून्याच्या इतक्या खाली धातूंच्या अंगात उष्णता सोसायची ताकद जवळजवळ उरतच नाही. टाचणी टेबलावर पडताना जेवढी ऊर्जा सुटते, तेवढीसुद्धा तिथं तारेचा एक तुकडा तापवायला पुरते. त्या तुकड्यात विद्युतरोध परत येतो, तो आणखी तापतो, शेजारचा तापतो, आणि बघता बघता सगळ्या कड्याची अतिसंवाहकता मोडते. भरलेली वीज घाईघाईनं बाहेर काढावी लागते आणि हेलियम उकळून वायू होतो.

केतकीपुढं दोन पर्याय होते. एक राळ, म्हणजे इपॉक्सी. ती तारांना घट्ट धरते, पण गार होताना धातूपेक्षा कितीतरी जास्त आकसते. त्यामुळं वीज भरायच्या आधीच तिच्या अंगात ताण साठलेला असतो, आणि तो असह्य झाला की ती तडकते. दुसरा पर्याय पॅराफिनचं मेण. ते कशाला चिकटतच नाही, त्यामुळं त्याच्यात ताण साठत नाही. ते निमूटपणे भुसभुशीत होतं. प्रयोगशाळेतल्या छोट्या वेटोळ्यांमध्ये मेण उजवं ठरलं होतं. पण एवढ्या मोठ्या कड्यात मेणाचा चुरा होऊन तारा मोकळ्या पडतील, अशी केतकीला भीती वाटली. तिनं क्वार्ट्झची पूड घातलेली राळ निवडली. राळेला सुरुवातीला तडे जातील हे तिला ठाऊक होतं. पण जिथं ताण जास्त तिथं ती एकदा तडकून मोकळी झाली की पुढच्या खेपेला तिथून आवाज येत नाही, आणि कडं आधीपेक्षा जास्त प्रवाह सोसतं. जगभर याला चुंबकाचं ट्रेनिंग म्हणतात.

वडणगेकरांनी पहिल्याच बैठकीत त्याची तालीम करून टाकली.

मग पुढचं आपोआप आलं. कोल्हापूरच ते. तालीम म्हटल्यावर कडं पैलवान झालं. अतिसंवाहकता मोडली की 'चितपट झाला' म्हणायचं आणि परत गार करून वीज भरली की 'उठला'. तडकण्याचे आवाज म्हणजे शड्डू. वर्तमानपत्रांना ही भाषा फार आवडली. जतच्या लोकांनीही ती जशीच्या तशी उचलली. केतकीसुद्धा तशीच बोलायला लागली होती. अहवालात 'ध्वनिस्पंद' लिहायचं आणि जेवणाच्या सुट्टीत 'काय, किती शड्डू?' असं विचारायचं.

आज मात्र चहा बाजूला ठेवून तिनं जुने आलेख उघडले. आवाज किती झाले हे संगणक दर खेपेला सांगायचा आणि तेवढंच सगळे बघायचे. पहिला आवाज किती प्रवाहाला आला, हे कुणी काढलंच नव्हतं. शड्डू कधी ठोकला, हे कोण विचारतो?

ते काढायला तिला बराच वेळ लागला. तोवर कडं चार-पंचमांश भरलं होतं. मग आलेख पडद्यावर उमटला.

"साहेब, जरा इकडं या."

"काय गं?"

"तालमीचा नियम काय? आधी जेवढा ताण सोसलाय, तेवढ्यापर्यंत राळ गप्प राहिली पाहिजे. आवाज त्याच्या पुढं गेल्यावर यायला पाहिजे. बरोबर?"

"बरोबर."

"सुरुवातीला तसंच होतं. मग हे बघा. दर खेपेला पहिला आवाज अलीकडं अलीकडं येतोय. आज तर पाव भरायच्या आत आला."

वडणगेकरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ तोंड नेलं. "पण वीज जास्त घेतोय की तो. मागच्या महिन्यापेक्षा जास्तच."

"घेतोय. तारा चांगल्या आहेत म्हणून घेतोय. राळ सुटत चाललीय, साहेब. रोज आत वीज भरतो, रोज काढतो. प्रत्येक खेपेला तडे वाढतायत. हा शड्डू नाही. हाडं मोडतायत त्याची."

हर्षदाचं हसणं थांबलं होतं. स्पीकरमधून एकापाठोपाठ आवाज आले. मघाशी दोन आवाजांमध्ये श्वास घ्यायला सवड मिळत होती.

"बरं," वडणगेकर हळू म्हणाले. "म्हणजे चितपट होणार म्हणतेस. होऊ दे. याआधी कितीदा झालाय. वायू धुराड्यानं वर जाईल..." आणि ते मध्येच थांबले.

"काय झालं?"

"धुराड्याची झडप अडकलीय. मागच्या वेळी वाकली ती." त्यांनी केतकीकडं बघायचं टाळलं. "सम्मेद गेलाय ती सोडवायला."

सम्मेद मगदूम देखभाल विभागाचा मुख्य होता, आणि केतकीचा नवरा.

"आत? कडं भरत असताना?"

"अगं, आत न जायचा तो नियम पहिल्या महिन्यातला होता. आता काय, पडतो, उठतो. सगळेच जातात." हे बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

केतकीनं बोगद्याचा बिनतारी फोन उचलला.

"बोला, राळवाल्या बाई," सम्मेद म्हणाला. मागं पाना लोखंडावर आपटत होता. "ही झडप म्हणजे आमच्या आत्याबाई आहेत. जागची हलायचं नाव नाही."

"सम्मेद, हातातलं टाक आणि बाहेर ये. आत्ता."

"अर्धी सुटलीय. दहा मिनिटं दे."

"कडं मोडतंय. माझी राळ चुकलीय."

पान्याचा आवाज थांबला. "चेष्टा करालीस होय?"

"नाही."

"निघालो," तो म्हणाला, आणि फोनमध्ये बुटांचा आवाज घुमायला लागला.

"ऑक्सिजनचा मास्क घेतलायस ना?"

बूट वाजत राहिले. "दाराशीच ठेवलाय. वर चढताना अडकतो गं तो."

चारचौघांत कुणी उच्चारला नसता असा एक शब्द हर्षदाच्या तोंडून निसटला. धुराडं बोगद्याच्या पार पलीकडच्या अंगाला होतं. कुठल्याही बाजूनं आलं तरी दारापर्यंत अर्धं कडं चालायचं होतं.

आता ठरवायचं होतं ते कड्याचं. वीज एकदम काढली तर वेटोळं तापणार आणि हेलियम नक्कीच उकळणार, म्हणजे केतकीच्याच हातानं वायू बोगद्यात सोडल्यासारखं. आहे तसं धरून ठेवलं तर कदाचित सम्मेद बाहेर येईपर्यंत कडं टिकेल. पण नाही टिकलं, तर भरलेली सगळी ऊर्जा त्याच्या डोक्यावर. तिसरी वाट होती ती हळूहळू उतरवायची. पण उतरवताना दाबलेल्या तारा सैल होतात आणि फुटलेली राळ स्वतःवरच घासते. म्हणजे उतरवण्यामुळंच कडं पडू शकत होतं.

"धरून ठेवू," वडणगेकर म्हणाले. "हात लावायला नको. पोरगा बाहेर येऊ दे, मग बघू."

केतकी आवाज ऐकत होती. राळेबद्दल ती जे काही शिकली होती ते सगळं या आवाजांत होतं, आणि ते तिला काहीही निश्चित सांगत नव्हतं. धरून ठेवलं आणि तो वाचला, तर साहेब बरोबर. उतरवलं आणि त्यामुळंच कडं पडलं, तर तिनं त्याला मारलं.

"उतरव," ती हर्षदाला म्हणाली. "जेवढी कमी होईल तेवढी कमी होऊ दे. सावकाश. वीज शहराला दे."

"मॅडम, नक्की?"

"नक्की नाही. उतरव."

वडणगेकरांनी दाराशी मास्क घेऊन थांबायला दोन माणसं पाठवली.

पडद्यावरचा आकडा खाली यायला लागला आणि आवाज वाढले. गारा पत्र्यावर पडाव्यात तसा स्पीकर तडतडत होता. केतकीनं तो बंद केला नाही. निम्म्यावर आलं. निम्म्याच्या खाली गेलं. फोनमध्ये सम्मेदचे बूट आणि धापा. तो काही बोलत नव्हता, आणि ती बोलून त्याचा श्वास घालवत नव्हती.

एक-तृतीयांश उरलं असताना स्पीकर एकदम गप्प झाला.

मग पडद्यावरची सगळी तपमानं एकसाथ वर उसळली, आणि फोनमधून लांबून एक सुस्कारा आला, कुकरची वाफ सुटल्यासारखा. तो थांबलाच नाही.

द्रवरूप हेलियमच्या एका तांब्यातून सातशे तांबे वायू होतो. तो विषारी नसतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो फक्त हवेची जागा घेतो. माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही, कारण आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत असतो. माणूस ठीक असतो, ठीक असतो, आणि मग खाली पडतो. त्याआधी सूचना मिळते ती एकच. हेलियममध्ये ध्वनी जवळजवळ तिप्पट वेगानं जातो, म्हणून आवाज बदलतो.

"केतकी," सम्मेद म्हणाला.

तो आवाज खेळण्यातल्या बदकाचा होता.

"आई शप्पत," बदक म्हणालं आणि खिदळलं. "माझा आवाज ऐक की."

नियंत्रण कक्षात कुणीतरी भीतीनंच फिस्सकन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"सम्मेद, खाली झोप. पोटावर. वायू वर जमतो. तोंड फरशीला लाव आणि सरपटत ये."

"फरशी बर्फासारखी..."

"असू दे. सरपट. आणि बोलत राहा, मला आवाज कळला पाहिजे."

"काय बोलू?" अगदी बारीक.

तिनं तोंडाला आलं ते विचारलं. "मंगळवारी गाडीला ओरखडा कुणी पाडला?"

"तो... आधीपासून होता."

"आधीपासून नव्हता. तू पाडलास. खासबागेजवळ लावलीस तेव्हा."

"मी लावली नव्हती तिथं." बारीक, चिरका, संतापलेला. "तूच म्हणालीस, भेळ खाऊया."

"भेळ मी म्हणाले. खांबाला खेटून लाव म्हणाले नव्हते."

"खांब... खांब दिसलाच नाही..."

तो आणखी बारीक झाला. शब्द एकमेकांत मिसळायला लागले. केतकी दोन्ही हातांनी फोन धरून उभी होती. ती पुण्यात शिकली होती, चारचौघांत शहरी बोलायची. पण घाबरली की कोल्हापूरच्या बायकांसारखी पुरुषी क्रियापदं तिच्या तोंडी यायची. "मी दाराशी जातो," ती वडणगेकरांना म्हणाली आणि बिनतारी फोन घेऊन धावली.

"सम्मेद, पुढं बोल. खांब दिसला नाही, मग?"

काही नाही.

"सम्मेद. खोटारडा आहेस तू. बोल."

काही नाही. फक्त तो सुस्कारा. ती जिना उतरली, पटांगण ओलांडलं. ऊन तिरपं झालं होतं, झाडांवर साळुंक्या ओरडत होत्या, आणि तिच्या कानात त्या फोनमधली पोकळी होती. बोगद्याच्या दाराशी मास्क लावलेली माणसं आत शिरत होती. दारातून बाहेर येणारी हवा तिच्या तोंडाला लागली, गार, कसलाच वास नसलेली. तिनं श्वास धरला.

"... खोटारडी तू," फोन म्हणाला.

बारीकच. पण मघाइतका बारीक नाही.

"ओरखडा... तुझ्या भावानं पाडला. मी सांगितलं नाही."

दर शब्दागणिक आवाज खाली येत होता, एखादं पोर झपाट्यानं वयात यावं तसा. मग वळणावर विजेरीचा उजेड हलला आणि त्या दोघांनी सम्मेदला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. त्याची हनुवटी सोलवटली होती, ओठ निळे होते. केतकी त्याच्याशेजारी मातीत बसली. त्याचा श्वास मोजत राहिली आणि दर वेळी मोजदाद चुकत राहिली.

"उतरवलंस म्हणून कमी उकळलं," वडणगेकर मागून म्हणाले. ते धापा टाकत होते. "पूर्ण भरलेलं असतं तर..." मग हळूच विचारलं, "जतला काय सांगू?"

केतकीनं मान वर केली. जतच्या कड्यात तीच राळ होती. तेच क्वार्ट्झ, तीच मुरवण, तिचीच सही. कोल्हापूरपेक्षा जतला ऊन जास्त, म्हणून तिथं रोज वीजही जास्त भरली जायची.

"तालीम म्हणू नका," ती म्हणाली. "मोडतंय म्हणा. थांबा, मीच बोलते."

तिनं जतचा नंबर लावला. तिथल्या मुलीनं उचलला आणि मलकारी कोळेकर साहेब बोगद्यात आहेत, जोडून देते, असं सांगितलं. कोळेकर तिथला प्रमुख. शिरोलीच्या प्रयोगशाळेत केतकीच्या हाताखाली महिनाभर शिकून गेलेला, मनमोकळा माणूस. फोन खरखरला, आणि एक अगदी बारीक, उल्हसित आवाज म्हणाला:

"नमस्कार मगदूम मॅडम. हसायचं नाही हं. आज आमच्या सगळ्यांचाच आवाज असा झालाय. आत्ताच चितपट झाला पैलवान, उठवायला सगळेच आत आलोय. पोरं व्हिडिओ काढाय लागल्यात."

मागं चार-पाच जण हसत होते. सगळे त्याच आवाजात.

"मलकारीभाऊ," केतकी म्हणाली, "हसणं थांबवा. सगळ्यांना आडवं करा. तोंड जमिनीला लावा आणि सरपटत बाहेर निघा. आत्ता."

"म्हणजे?" कोळेकरनं विचारलं. त्याच्या बोलण्यात हसू अजून तसंच होतं.

मागच्या हसण्यातला एक आवाज तेवढ्यात बंद झाला होता.